आधी दिवा, मग काठी



आजच्या बक्षिसांच्या यादीत ज्यांचं नाव नाही, त्यांच्याशी मला आधी बोलायचं आहे. ‘मला गणित जमत नाही’, ‘आम्ही खेड्यातले, आम्हाला चारचौघांत बोलता येत नाही’ ही वाक्यं आपण इतक्या सहज बोलून जातो की, ती स्वतःच्या अनुभवातून आली की कुणाच्या तोंडून ऐकून आली, हे तपासायचं राहूनच जातं. अद्वैत वेदान्तात यासाठी एक जुना दृष्टान्त आहे. अंधुक उजेडात वाटेवरची दोरी साप वाटते. साप खोटा असतो. पण दरदरून घाम फुटतो तो खरा, आणि माणूस मागे फिरतो तेही खरं. याच वेदान्ताच्या अभ्यासासाठी उद्योगपती प्रतापशेठजींनी १९१६ साली आपल्या अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. या दृष्टान्तात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, दिवा आणल्यावर दोरीत काहीच फरक पडत नाही, पाहणाऱ्यात पडतो.

याचा पुरावा इथून जवळच, आसोद्यात आहे. तिथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर बसून, शेतात राबता राबता त्या गाणी रचायच्या. जातं, मोट, मळणी, सुगरणीचा खोपा आणि माणसाचं मन हे त्यांचे विषय. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगाने जेवढं उतरवून घेतलं तेवढं टिकलं, बाकीचं वाऱ्यावर गेलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. मग सगळा महाराष्ट्र चकित झाला. या मधल्या काळात गाण्यांत काय बदललं? शब्द तेच होते, घरातली बोलीही तीच. ‘अडाणी बाई’ या दोन शब्दांआड जे झाकलं होतं, ते लोकांना दिसू लागलं, एवढंच. २०१८ साली तर आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठालाच त्यांचं नाव मिळालं. ज्यांनी शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, त्यांचं नाव आज इथल्या पदवीच्या कागदावर छापलं जातं.

कुणी म्हणेल, बहिणाबाई एखादीच. तेवढ्यावरून नियम कसा काढायचा? ती प्रतिभा दुर्मीळ होती, हे मान्यच. पण नियम मी काढत नाही, मोडतो आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याला विचार येत नाही, हा नियम मोडायला एकच माणूस पुरेसा असतो. शिवाय ज्यांच्या ओव्या कुणी लिहूनच घेतल्या नाहीत, त्यांची मोजदाद आपण कशी करणार?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. फी भरायला पैसे नसणं, एसटी वेळेवर न येणं, मुलीचं लग्न लवकर उरकणं, पाऊस दगा देणं, हे काही मनाचे खेळ नव्हेत. अगदी बरोबर. ‘मनात आणलं की सगळं होतं’ असं सांगत फिरणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही, कारण खऱ्या सापाला दोरी म्हणणं हीसुद्धा दृष्टीची चूकच, आणि ती अधिक घातक. साप खरा असेल तर काठीच हवी, चार माणसं हवीत, कधी सरकारदरबारी भांडायलाही हवं. पण काठी उचलण्याआधी दिवा हवा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून असे १८ रविवार कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. भिंती खऱ्या होत्या, इंग्रजांचं कुलूपही खरं होतं. प्रवचनांनी त्यातलं काहीच हललं नाही. पण कैद्याने आता फक्त दिवस मोजायचे असतात, तुरुंगात साधना कसली, ही समजूत मात्र तिथे कुणी चालू दिली नाही. दगडाची भिंत कुठे संपते आणि मनाने बांधलेली कुठे सुरू होते, हे ओळखता येणं यालाच मी आत्मिक वाढ म्हणतो. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्या भिंतींच्या आत जन्मला.

मुलांनो, मनाने बांधलेली अशीच एक भिंत आपल्या वर्गातही आहे. आपली लेवा गणबोली, आपली अहिराणी वर्गात बोलायला तुमच्यातल्या कितीतरी जणांना लाज वाटते. ही लाज तुम्ही जन्मताना आणली नव्हती. कुणाच्या तरी हसण्याने ती तुमच्यावर चढवली. म्हणून एक विनंती करतो आणि थांबतो. आज घरी गेल्यावर आजीला जात्यावरची एक ओवी म्हणायला सांगा, आणि ती जशी म्हणेल तशीच, शुद्धलेखन न सुधारता, वहीत उतरवून घ्या.