जीर्णोद्धार रुग्णालयाचाही



देवालयाच्या सभामंडपात रुग्णालयाच्या इमारतीविषयी बोलावे, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते आपणा महाजनांच्या नित्य परिचयाच्या एका शब्दात सामावलेले आहे. तो शब्द म्हणजे जीर्णोद्धार.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्री सप्तकोटीश्वराचे देवालय छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 साली पुन्हा उभारविले. त्याच वास्तूचा जीर्णोद्धार होऊन 2023 च्या फेब्रुवारीत ती भाविकांसाठी पुन्हा खुली झाली. वास्तू जुनी झाली म्हणून ती पाडावी, असे तेथे कोणाच्या मनात आले नाही. रुग्णालयाच्या बाबतीत मात्र खाटा अपुऱ्या पडू लागल्या की पहिला विचार येतो तो पाडण्याचा, नाही तर दूर माळावर नवी इमारत बांधून जुनी ओस टाकण्याचा. या दोहोंच्या मधला मार्ग आपण विसरतो.

जुन्या वास्तूत आपले पुष्कळ धन साठलेले असते. चिरे खाणीतून काढले गेले, चुना भाजला गेला, कौले भट्टीत पक्की झाली. त्यासाठी लागलेले इंधन आणि श्रम एकदा खर्ची पडले आहेत. इमारत पाडली की ते सारे मातीमोल होते आणि नव्या सिमेंट-लोखंडासाठी तितकेच पुन्हा जाळावे लागते.

दुसरा लाभ वाऱ्याचा. पेरू देशातील लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या, पन्नास वर्षांहून जुन्या खोल्यांतील हवा खिडक्या-दारे उघडी असता तासाला सुमारे 40 वेळा बदलत होती; नव्या धर्तीच्या खोल्यांत सुमारे 17 वेळा. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. आपल्याकडील उंच छपराच्या आणि पडव्यांच्या बांधणीचे मोल यावरून ध्यानी यावे.

तथापि केवळ जुनेपणाच्या प्रेमाने रुग्णालय चालत नाही. शस्त्रक्रियागृह, क्ष-किरण यंत्रे, प्राणवायूच्या नळ्या आणि उद्वाहन यांचे ओझे जुन्या चिरेबंदी भिंतींवर टाकू नये. त्यांच्यासाठी शेजारी स्वतंत्र पायावर नवा भाग उभारावा. नवा पाया काही काळ खचत राहतो. म्हणून दोन्ही बांधकामांमध्ये सांधा मोकळा ठेवावा, एकाची भिंत दुसऱ्याला जखडू नये. जुन्या भागात बाह्यरुग्ण विभाग, औषधालय, लसीकरण आणि नातेवाइकांची बसण्याची सोय ठेवावी. दोहोंना जोडणारी वाट स्ट्रेचर सुखाने वळेल इतकी, निदान 2.4 मीटर रुंद असावी आणि उतार बारास एक याहून अधिक तीव्र नसावा. चुन्यात बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये; त्याने ओल आत कोंडते, भिंतीला बुरशी धरते आणि ती शेवटी रुग्णाच्या छातीवर बसते.

आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. पाचशे चौरस मीटरांच्या छपरावर त्या हिशेबाने 15 लाख लिटर पाणी येते. त्यातले निम्मे जरी टाकीत वा विहिरीत उतरविले तरी धुण्या-पुसण्याचा मोठा भार हलका होईल.

वास्तू टिकते ती तिला काम असेल तरच. 1842 साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारी पणजीची जुनी इमारत रुग्णालय बांबोळीला गेल्यावरही उभी राहिली. कारण 2004 साली चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि तिला नवे काम मिळाले. पण प्रत्येक गावाला असा महोत्सव लाभत नाही. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या जुन्या आरोग्य-वास्तूंना आरोग्यसेवेचेच काम उरले पाहिजे. पेडण्याच्या आडगावातून म्हापशाला वा बांबोळीला निघालेल्या प्रसूतीच्या बाईची वाट त्याने काही अंशी तरी कमी होईल.

म्हणून आपणांस माझी विनंती आहे. आपल्या तालुक्यात रुग्णालयाच्या विस्ताराचा प्रस्ताव आला म्हणजे ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. जुन्या भिंतींची आणि पायाची जाणकाराकडून तपासणी झाली आहे काय? जुन्या भागाला कोणते काम नेमून दिले आहे? आणि बांधकाम चालू असता रुग्णांची सेवा कोठे चालणार आहे? तपासणीत पायाच खचलेला निघाला तर वास्तू खुशाल उतरवावी. देवालयाच्या बाबतीतही आपण तेच करतो. पण न तपासता पाडणे हा उधळेपणा आहे.

पूर्वजांनी राखले म्हणून आपल्याला देवालये मिळाली. रुग्णसेवेच्या वास्तूही तशाच राखून, वाढवून पुढच्या पिढीच्या हाती द्याव्यात, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.