परिचारिकेचे उच्च शिक्षण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवातील भाषण)



पंडरी म्हटले की आपणां रायपूरकरांच्या डोळ्यांपुढे कापडबाजार उभा राहतो. घरात लग्नकार्य निघाले की पावले आपसूक तिकडे वळतात. त्याच पंडरीत जिल्हा रुग्णालयही आहे. तेथे मात्र कोणी हौसेने जात नाही. तेथील खाटांपाशी रात्र जागविणाऱ्या परिचारिकेच्या शिक्षणाविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे.

हा विषय मराठी माणसाला परका नाही. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी लोकापवादाची तमा न बाळगता मुलींना या शिक्षणाकडे वळविले. पुढे १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे पदवीचे, तर १९५९ मध्ये दिल्लीस पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. आज बी.एस्सी. झालेल्या परिचारिकेस किमान एक वर्षाच्या अनुभवानंतर दोन वर्षांचे एम.एस्सी. करता येते. त्यातील मेडिकल-सर्जिकल ही शाखा प्रौढ रुग्णांचे आजार आणि शस्त्रक्रिया यांच्याशी निगडित आहे. हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कर्करोग अशा उपशाखांत तिचा विशेष अभ्यास होतो.

“सलाइन लावायला एवढे शिक्षण कशाला?” असा प्रश्न मला आप्तेष्टांनीच विचारला होता. उत्तरादाखल माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या प्रारंभी पोटाची शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण माझ्याकडे होता. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. श्वास मी मोजलाच नाही; सवयीने तक्त्यावर ‘२०’ लिहून मोकळी झाले. फेरीवर आलेल्या ज्येष्ठ सिस्टरांनी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर मोजले, तो ३२ भरले! त्यांनी तत्काळ डॉक्टरांना बोलाविले, म्हणून तो गृहस्थ वाचला. रक्तदाब उतरण्यापूर्वीच श्वासाची गती पुष्कळदा संकटाची वर्दी देते, हे मला पाठ होते. पण त्याचा अर्थ उमगला नव्हता. तो उमगावा म्हणून मी पुढे शिकले.

हा केवळ माझा अनुभव नव्हे. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील ९ देशांच्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या ४ लाखांहून अधिक रुग्णांची त्यात पाहणी होती. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण शेकडा १० ने अधिक असेल, तेथे ३० दिवसांत मृत्यू ओढवण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी आढळली. उलट, प्रत्येक परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला की ती शक्यता तितकीच वाढलेली दिसली. म्हणजे शिक्षण हवे आणि पुरेसे हातही हवेत.

आणखी एक खंत बोलून दाखविते. एम.एस्सी. झालेली परिचारिका बहुधा अध्यापनाकडे वळते. शिक्षिका हव्यातच, नव्या परिचारिका त्यांनीच घडवायच्या आहेत. परंतु खाटेशी नाते तुटलेली शिक्षिका श्वास मोजायला कशी शिकवील? वर्ग आणि वॉर्ड ही दोन्ही दारे तिच्यासाठी उघडी राहिली पाहिजेत.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण गुणवंत डॉक्टर-इंजिनियर मुलांचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. परंतु हाती आलेला पगार सोडून दोन वर्षे शिकायला निघालेली मुलगी घराच्या उंबऱ्यापाशीच अडते. “आता लग्नाचे बघू,” असे म्हणून आपणच तिला अडवितो. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून दरवर्षी अशा एका मुलीला बिनव्याजी कर्ज द्यावे. परमुलखात आजारपण आले की उशाशी नातलग असतोच असे नाही. ती मात्र असते. तिचे ज्ञान वाढले, तर त्यात आपलाच जीव सुरक्षित आहे.