तिसऱ्या खेळाडूची जागा



नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना 'कॅसेट' आठवत असेल. गाण्यांची नव्हे, तर यंत्राच्या माथ्यावर खोचायची ती प्लॅस्टिकची जाड चौकोनी डबी. नाही चालली की तिच्यावर फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची, हे आपल्याकडचं घरोघरचं शास्त्र होतं! आज मी अशाच एका कॅसेटबद्दल बोलणार आहे. मात्र ती आपल्याकडच्या स्वस्त यंत्रांवर चालणारी नव्हती. ती होती जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'सुपर फॅमिकॉम' या यंत्राची. जपानबाहेर हेच यंत्र 'सुपर निन्टेन्डो' म्हणून ओळखलं गेलं. खेळाचं नाव 'सेइकेन देन्सेत्सु २'. इंग्रजीत 'सीक्रेट ऑफ माना'. स्क्वेअर या जपानी कंपनीनं तो ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला.

खरं तर हा खेळ कॅसेटसाठी आखलेलाच नव्हता. निन्टेन्डो आणि सोनी मिळून सुपर फॅमिकॉमला जोडायचा सीडीचा भाग तयार करत होत्या, आणि हा मोठा खेळ त्या सीडीवर येणार होता. पण १९९१ मध्ये दोन्ही कंपन्यांचं बिनसलं आणि तो सीडीचा भाग कधीच बाजारात आला नाही. सीडीत सुमारे साडेसहाशे मेगाबाइट मजकूर मावतो. ही कॅसेट होती अवघ्या २ मेगाबाइटची. वाड्यातलं सामान एका खोलीत आणायचं म्हटल्यावर जे होतं, तेच झालं. कथेला अनेक वाटा ठेवायच्या होत्या, त्या गेल्या. कितीतरी कल्पना गाळाव्या लागल्या. पुढे इंग्रजी भाषांतर टेड वूल्सी यांना सुमारे महिनाभरात उरकावं लागलं, आणि पडद्यावर अक्षरांना जागा कमी म्हणून संवादही आखूड करावे लागले.

मग उरलं काय?

संगीत उरलं. हिरोकी किकुता हे संगीतकार. या यंत्रात ध्वनीसाठी फक्त ६४ किलोबाइट स्मृती आणि एका वेळी आठच स्वर-वाहिन्या. दुसऱ्या वाद्यांवर चाल बांधून ती यंत्रात कोंबली की तिचा रंग बदलतो. म्हणून किकुतांनी यंत्राला पेलतील असे ध्वनीचे नमुने स्वतःच तयार केले. गंमत म्हणजे यंत्रातली ही ध्वनीची चिप सोनीच्या केन कुतारागी यांनी घडवलेली. तेच कुतारागी पुढे १९९४ मध्ये आलेल्या 'प्लेस्टेशन'चे जनक ठरले.

खेळण्याची रीतही उरली. त्या काळी अशा कथाप्रधान खेळांत लढाई बहुधा पाळीपाळीनं चाले: आधी तुम्ही, मग राक्षस. इथं तुम्ही प्रत्यक्ष धावता, वार करता. पण एक वार केला की पडद्याच्या तळाशी आकडा चढू लागतो, आणि तो शंभर टक्के होईपर्यंत थांबावं लागतं. घाईनं दुसरा वार केलात तर तो दुबळा पडतो. तलवार चालवायला शिकवणारे खेळ पुष्कळ आहेत. हा खेळ तलवार आवरायलाही शिकवतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिघांची जागा उरली. यंत्राला खेळाडूंसाठी दोनच खाचा होत्या. पण 'मल्टिटॅप' नावाची जोडणी लावली की तिसऱ्यालाही बसता येई. कथेत एक मुलगा, एक मुलगी आणि एक इवलंसं जादुई पोर असे तिघं असतात. तिघं एकत्र आल्यावर कोणीही मध्येच येऊन आपलं पात्र हातात घ्यावं, जेवायला हाक आली की उठून जावं. उरलेल्या पात्राला यंत्र सांभाळतं.

आता हा खेळ जुन्या खेळांच्या एका संग्रहात नव्या यंत्रावर मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत बहिणीची मुलं आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही तो खेळायला घेतला. भाच्यानं अर्थातच तलवारवाला मुलगा घेतला. मुलगी माझ्याकडे आली. नऊ वर्षांच्या भाचीनं ते पोर घेतलं. यात पात्रांची नावं आपणच ठेवायची असतात. तिनं नाव ठेवलं 'चिंगी'.

गोष्टीची सुरुवात धबधब्यापाशी होते. खडकात रुतलेली तलवार मुलगा उपसतो, गावावर राक्षस येतात आणि गावकरी त्याला हाकलून देतात. शेवटी कळतं, की जग वाचवायचं तर 'माना' या शक्तीतून जन्मलेल्या एका महाकाय प्राण्याला मारावं लागेल. तो मेला की जगातली माना संपेल. आणि ते इवलं पोरही मानाचंच असल्यामुळे नाहीसं होईल. मुलगा कचरतो. ते पोरच त्याला धीर देतं.

पण त्या प्राण्याला साधी तलवार लागत नाही. आधी तलवारीवर मंत्र घालावा लागतो. एक त्या मुलीनं, आणि एक त्या पोरानं.

मी माझा मंत्र घातला. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. "मामा, मीच बटण दाबायचं का?"

"हो गं."

"नाही दाबलं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचा, जो एरवी प्रत्येक राक्षसावर आधी धावायचा, तोही जागच्या जागी उभा होता. म्हणाला, "थांब, तुला पाहिजे तेव्हा दाब." थोड्या वेळानं तिनं दाबलं. तो प्राणी पडला. शेवटी मुलगा तलवार पुन्हा धबधब्यापाशी नेऊन ठेवतो, तेही तिनं डोळे पुसत पाहिलं.

एकट्यानं खेळताना तिन्ही पात्रं आपलीच असतात. गेलं ते एक पात्र जातं. तिघं बसतात तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी सोडावं लागतं, आणि बाकीच्यांना ते बघत थांबावं लागतं. दोन मेगाबाइटांत इतकं मावलं. जे गाळलं, त्याची चुटपुट करणाऱ्यांच्या वाटेला मी जात नाही. जे राखलं, ते योग्य होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची म्हणाली, "मामा, पहिल्यापासून खेळूया?" मी म्हटलं, "या वेळी तलवार तू घे."

"नको," ती म्हणाली, "मला चिंगीच पाहिजे."