उचलते यंत्र, पण कुठवर?



आमचे रुग्णालय तालुक्याच्या गावी, बारा खाटांचे. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री एका बाईंना अर्धवट शुद्धीत आणले. नाडी बारीक, अंग थंडगार. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून पोटात रक्तस्राव होत असावा, असा मला संशय आला. पण सोनोग्राफीचे मोठे यंत्र वरच्या मजल्यावर. त्यांना जिन्याने नेण्याइतका वेळ नव्हता. पोटात सुई घातली, रक्त आले आणि तडक शस्त्रक्रियेला घेतले. बाई वाचल्या. मात्र खाटेपाशी नेता येईल असे यंत्र घ्यायचे, हे त्या रात्री ठरले.

विक्रेता आला. लॅपटॉपएवढे यंत्र टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, बॅगेत घाला आणि आठवड्याला चार गावे करा!"

नेमके हेच करता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. बॅगेतून फिरणारे यंत्र कुणाच्या नजरेत येत नाही. म्हणून 2012 मध्ये नियम कडक झाले. असे यंत्र नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल रुग्णांसाठी वापरायचे. नाहीतर इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात. तेव्हा ज्यांच्याकडे खाटा नाहीत, त्यांनी वजनाने हलके म्हणून हे यंत्र घेऊ नये. आणि खाटा असल्या, तरी आधी समुचित प्राधिकाऱ्यांकडे नोंद, मग खरेदी.

याचा एक फायदा झाला. यंत्राला जायचे ते या खाटेपासून त्या खाटेपर्यंत. मग किलो-दोन किलोंचा फरक गौण ठरला आणि खऱ्या प्रश्नांकडे लक्ष गेले.

पहिला प्रश्न प्रोबचा. वारंवारता कमी, तर लहरी खोल जातात, पण चित्र ढोबळ. जास्त, तर चित्र रेखीव, पण उथळ. पोट पाहायला 2 ते 5 मेगाहर्ट्झचा बाकदार प्रोब हवा. योनिमार्गातून तपासायला 5 ते 9 च्या आसपासचा. स्त्रीरोगाच्या कामाला हे दोन पुरेत. हृदयाचा प्रोब "सवलतीत" मिळतो म्हणून घेऊ नये. तो कपाटात पडून राहतो.

दुसरा प्रश्न विजेचा. बॅटरीवर यंत्र प्रत्यक्ष किती वेळ चालते आणि बटण दाबल्यावर किती वेळात चित्र येते, हे घड्याळ लावून पाहावे. तेही आपल्याच वॉर्डात, भर उजेडात, स्थूल रुग्णावर. दुकानातल्या सडपातळ माणसावर सगळीच यंत्रे छान दिसतात.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. आमच्या प्रोबची केबल ट्रॉलीच्या चाकाखाली आली. तेव्हा कळले, की हमीपत्रात यंत्र होते, प्रोब नव्हता! म्हणून हमीपत्राची बारीक अक्षरे सहीआधी वाचावीत. बिघाड झाल्यास माणूस किती दिवसांत येईल आणि तोवर बदली प्रोब मिळेल का, हे लेखी घ्यावे.

आता आमचे यंत्र ट्रॉलीला साखळीने बांधलेले असते. गरोदर बाईची तपासणी झाली, की 'एफ' फॉर्म भरला जातो, मग ती तपासणी मध्यरात्रीची का असेना. परवा पुन्हा तशीच एक मुलगी आली. या वेळी सुई घालावी लागली नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)