बिकिनीची राख



अण्वस्त्रविरोध म्हटला की शास्त्रज्ञांची पत्रके आणि मुत्सद्द्यांची भाषणे आपल्याला आठवतात. परंतु जपानात त्या विरोधाला लोकचळवळीचे बळ आले ते मासळीबाजारातून, आणि ती हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी येथे जो हायड्रोजन बॉम्ब उडवला, त्याची शक्ती तज्ज्ञांच्या अदमासाच्या सुमारे अडीचपट, म्हणजे 15 मेगॅटन निघाली. आणि धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या हद्दीबाहेर ट्यूना मासे धरीत असलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या नौकेच्या 23 खलाशांवर प्रवाळांची पांढरी राख कित्येक तास पडत राहिली. 14 मार्चला नौका याइझू बंदराला लागली, तेव्हा त्यांची कातडी काळवंडली होती; तथापि खरा प्रकार वर्तमानपत्रांतून उघडकीस येईतो तिची मासळी टोकियो-ओसाकाच्या बाजारांत पोहोचलीही होती. मग ट्यूना कोणी घेईना. महायुद्धानंतरच्या अमेरिकी अंमलाच्या काळात ज्या हिरोशिमाविषयी लिहिण्यावर सेन्सॉरची करडी नजर होती, त्या हिरोशिमाचे दुःख या निमित्ताने घरोघर बोलले जाऊ लागले. टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणी आणि मासळीविक्रेते यांनी सह्यांचा अर्ज फिरवला, आणि 1955च्या ऑगस्टात हिरोशिमा येथे जागतिक परिषद भरली तोवर देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या होत्या.

नौकेचा बिनतारी यंत्रचालक आइकिची कुबोयामा त्यापूर्वीच, 23 सप्टेंबर 1954 रोजी मृत्यू पावला होता. अमेरिकेने पुढे 20 लाख डॉलर अदा केले, परंतु कायदेशीर जबाबदारी नाकबूल करून, निव्वळ मेहेरबानीखातर! (शेजाऱ्याची गंजी पेटवणारा आपल्या मुनसफाच्या कचेरीतून इतक्या सफाईने सुटता ना.) जपान सरकारनेही रक्कम स्वीकारून प्रकरण दाखलदप्तर केले.

आपल्याकडे पंडित नेहरूंनी 2 एप्रिल 1954 रोजीच लोकसभेत, निदान चाचण्या तरी तूर्त स्थगित ठेवण्याचा करार व्हावा, अशी मागणी केली होती. 1963मध्ये मॉस्को येथे झालेल्या करारनाम्याने हवेतील, पाण्याखालील आणि अंतराळातील स्फोट निषिद्ध ठरवले, पण भूगर्भ मोकळा सोडला. त्या करारावर भारताची सही आहे. आणि 18 मे 1974 रोजी पोखरण येथे ‘शांततामय’ म्हणून आपण जो स्फोट घडवला, तो त्या कलमांना रेसभरही धक्का न लावता जमिनीखालीच घडवला.