प्रोजेक्टर : भंगार की वाद्य?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि नाट्य यांना मानाचे पान असावे, हे योग्यच आहे. त्यांच्या पंक्तीला जुन्या सिनेमा-प्रोजेक्टरसाठीही एक पाट मांडण्याचे औदार्य आपण दाखविलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. हा विषय मी केवळ हौसेपोटी निवडलेला नाही. आपल्या मंडळाच्या कोठीत १६ मिलिमीटरचा एक प्रोजेक्टर गेली कित्येक वर्षे झाकून ठेवलेला आहे. कोठी रिकामी करण्याचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे आणि वस्तूंच्या यादीत या यंत्रापुढे ‘भंगार’ असा शेरा आहे. त्या शेऱ्याबद्दल मला बोलायचे आहे. परंतु गतकाळाचे उमाळे काढून नव्हे, तर काही प्रयोगशील कलावंतांनी अशाच यंत्रांचे काय केले, ते आपणांसमोर ठेवून.

आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना या यंत्राची ओळख करून द्यायला नको. गणेशोत्सवात मराठी चित्रपटाची रिळे पत्र्याच्या डब्यांतून रेल्वे-पार्सलने येत. ‘श्यामची आई’ लागे, तेव्हा रीळ बदलण्यासाठी सभागृहातले दिवे लागत आणि तेवढ्या अवकाशात बटाटेवड्यांची ताटे फिरत. परप्रांतात जन्मलेल्या आपल्या कितीतरी मुलांनी कोकणातले घर आणि अंगण प्रथम पाहिले, ते याच दिव्याच्या प्रकाशात. मात्र त्या वेळी यंत्राकडे कोणी पाहत नसे. ते आपल्या पाठीमागे असे. कोणी मान वळवून मागे पाहिले, तर फीत तुटली किंवा दिवा गेला, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र जितके विसरले जाईल तितका खेळ चांगला, अशी आपली समजूत होती.

प्रयोगशील चित्रपटकारांनी नेमकी हीच समजूत उलटी केली. त्यांनी प्रेक्षकाला मागे वळून पाहायला लावले. ते कसे, हे कळण्यासाठी यंत्राच्या पोटात काय चालते, ते थोडक्यात पाहू.

पडद्यावरचे चित्र हलताना दिसते, पण प्रोजेक्टरमधली फीत दर सेकंदाला २४ वेळा थांबते. एक लहानसा आकडा फितीच्या कडेच्या छिद्रात शिरतो, तिला एका चौकटीइतकी खाली ओढतो आणि बाहेर पडतो. फीत सरकत असताना फिरते शटर प्रकाश अडवते. ती थांबली की प्रकाश पुन्हा मोकळा होतो. म्हणजे चित्रपट पाहताना आपण बऱ्याच वेळ अंधारातच बसलेलो असतो, परंतु डोळ्यांना त्याची जाणीव होत नाही. ध्वनीला मात्र असे धक्के चालत नाहीत. त्यासाठी फीत एकसारखी वाहावी लागते. म्हणून १६ मिलिमीटरच्या फितीवर ध्वनीची रेघ आपल्या चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेली असते, आणि थांबणाऱ्या व वाहणाऱ्या फितीमध्ये एक सैल वळसा ठेवलेला असतो. हा वळसा बिघडला की चित्र नाचू लागते आणि फितीची छिद्रे फाटतात. तो योग्य राखणे, ही ऑपरेटरच्या बोटांची विद्या.

आता हे यंत्र कलावंतांच्या हाती गेले, तेव्हा काय झाले, ते पाहू. १९६६ साली लंडन येथे चित्रपटकारांची एक सहकारी संस्था स्थापन झाली. तेथील मंडळी स्वतः चित्रीकरण करीत, फीत स्वतः धूत, स्वतः छापीत आणि स्वतःच दाखवीत. सर्व टप्पे एकाच हाती आल्यामुळे एक प्रश्न साहजिकच पुढे आला : चित्रीकरण हे जर कलाकर्म, तर प्रक्षेपण हे नुसते हमालाचे काम का मानावे?

त्यांपैकी माल्कम ले ग्राइस यांनी १९७१ साली ‘हॉरर फिल्म १’ हा प्रयोग केला. तीन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर सतत बदलणारे रंग टाकतात. पडद्यावर गोष्ट नाही, पात्र नाही. स्वतः कलावंत पडद्याजवळ उभा राहतो आणि प्रकाशात हात पसरून हळूहळू मागे, प्रोजेक्टरांच्या दिशेने चालत येतो. त्याच्या देहाने एका दिव्याचा प्रकाश अडला की तेथे उरलेल्या दोन दिव्यांचे रंग मिसळतात. त्यामुळे एकाच माणसाच्या वेगवेगळ्या रंगांच्या अनेक सावल्या पडतात आणि तो दिव्याजवळ येईल तशा त्या वाढत जातात. सावलीचा खेळ आपल्याला नवा नाही. येथे विशेष इतकाच की, चित्रपट म्हणजे डब्यात बंद करून पाठविण्याची वस्तू न राहता समोर घडणारी कृती झाला.

अँथनी मॅकॉल यांचा १९७३ सालचा ‘लाइन डिस्क्रायबिंग अ कोन’ हा तीस मिनिटांचा चित्रपट याहून साधा. फितीवर काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा बिंदू आहे. तो हळूहळू वळत जाऊन एक रेघ काढतो आणि अखेरीस पूर्ण वर्तुळ होते. परंतु हे वर्तुळ पाहायचेच नसते. पाहायचा तो प्रोजेक्टरपासून भिंतीपर्यंतचा प्रकाश. खोलीत खुर्च्या नाहीत. हवेत धूळ आणि धूर असला की आरंभी दोरीसारखा दिसणारा किरण वाढत वाढत प्रकाशाचा पोकळ शंकू होतो, आणि प्रेक्षक त्याच्याभोवती फिरतात, त्यात हात घालतात, आत शिरतात. त्या काळी हवेत पुरेशी धूळ असे आणि लोकांच्या सिगारेटींचा धूर असे. पुढे स्वच्छ संग्रहालयांत धुके सोडणारे वेगळे यंत्र लावावे लागले.

तिसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. गाय शर्विन यांनी १९७६ साली ‘मॅन विथ मिरर’ केला. त्यासाठी त्यांनी सुपर-८ फितीवर स्वतःचेच चित्रीकरण केले. हातात एक चौकोनी आरसा, त्याची पाठ पांढरी रंगविलेली, आणि ते तो निरनिराळ्या कोनांत फिरवीत आहेत. प्रयोगाच्या वेळी तसाच आरसा हातात घेऊन ते प्रोजेक्टरच्या झोतात उभे राहतात आणि फितीतल्या हालचाली पुन्हा करतात. पांढरी बाजू समोर आली की तिच्यावर चित्र उमटते; आरसा समोर आला की प्रकाश उलटून सभागृहावर फिरतो. हा प्रयोग त्यांनी पुढे कित्येक दशके चालू ठेवला. फितीतला तरुण तरुणच राहिला आणि त्याला हातांत तोलून धरणारा माणूस वयस्क होत गेला. घरातला जुना फोटो हातात धरून आरशापुढे उभे राहिले म्हणजे काय वाटते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रयोगाचे भाष्य करून सांगायला नको.

श्रोतेहो, हे सारे परदेशातले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून मुंबईतील एक हकीकत सांगतो. विख्यात चित्रकार अकबर पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या आधारे १९६९ साली मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कार्यशाळा सुरू केली. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकार यांनी एकत्र येऊन प्रयोग करावेत, असा तिचा उद्देश होता. नलिनी मलानी तेव्हा अगदी तरुण होत्या. त्यांच्या ‘युटोपिया’ या कृतीची सुरुवात तेथेच झाली. शेजारी शेजारी दोन चित्रफिती चालतात : एकीत घरांच्या प्रतिकृतींचे रंगीत स्वप्न, आणि दुसरीत १९७६ साली कृष्णधवल चित्रित केलेली, प्रत्यक्ष शहराकडे पाहणारी एक तरुणी. स्वप्न आणि वास्तव यांतील अंतर येथे दोन प्रक्षेपणांमधल्या अंतरातूनच बोलते.

स्वतः पदमसींनी तेथे ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ हा सहा मिनिटांचा चित्रपट केला. आपल्याच एका तैलचित्राचा आधार घेऊन, कापलेले स्टेन्सिल आणि स्लाइड-प्रोजेक्टर यांच्या साह्याने प्रकाशाचे थर एकमेकांवर टाकून त्यांनी ते दृश्य उभे केले आणि १६ मिलिमीटरच्या फितीवर घेतले. येथे प्रोजेक्टर कुंचल्याच्या जागी आला. पुढे या चित्रपटाची प्रत हरवली. दुसरी प्रत नव्हती. चार दशके उलटून गेल्यावर दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन हरवलेल्या चित्रपटाचा शोध पुन्हा पडद्यावर मांडला. तो चित्रपट २०१६ साली आला. पदमसी २०२० साली निवर्तले. आठवण सांगणारा माणूस हयात असताना कोणी विचारायला गेले, म्हणून इतके तरी हाती लागले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. आज सर्व काही डिजिटल स्वरूपात उतरविता येते, मग जुन्या यंत्राचा आग्रह कशाला? या प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येत नाही. मॅकॉल यांनी स्वतःच २०१० साली आपल्या शंकूची डिजिटल आवृत्ती केली. प्रकाशाचा आकार हाच त्या कृतीचा प्राण असल्यामुळे ती दुसऱ्या दिव्यानेही जगते. नलिनी मलानी यांची कृतीही आज डिजिटल रूपात दाखविली जाते. तसे झाले नसते तर आपल्यातील फार थोड्यांना ती पाहता आली असती. म्हणून मी डिजिटलचा वैरी नाही. परंतु ले ग्राइस यांचे २०२४ साली निधन झाले. त्यांच्या प्रयोगाचे चित्रीकरण पाहणे आणि तीन दिव्यांपुढे माणूस चालताना पाहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. बैठकीची ध्वनिमुद्रिका जरूर जपावी. पण त्या भरवशावर तंबोरा मोडीत काढू नये.

जुने यंत्र जपणे म्हणजे ते कपाटात ठेवणे नव्हे, हेही मला स्पष्ट सांगायचे आहे. न चालविलेल्या प्रोजेक्टरमधले वंगण घट्ट होते, रबरी पट्टे कडक होऊन तुटतात. त्याहून लवकर नाहीशी होते ती हातांतली विद्या. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू-सिनेमांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला. त्यात जुने प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक वयोवृद्ध कारागीर भेटतात. आयुष्यभराच्या अनुभवातून त्यांनी स्वतःचा एक प्रोजेक्टर घडविला. परंतु तो तयार झाला, तोवर फितीचा जमाना मावळत होता. ज्ञान शिल्लक आणि घेणारा नाही, यापरते दारिद्र्य कोणते?

म्हणून कार्यकारिणीला माझी तीन सूत्रांची विनंती आहे. पहिली, ‘भंगार’ हा शेरा तूर्त मागे घ्यावा आणि जाणत्या मिस्त्रीकडून यंत्र साफ करून घ्यावे. दिवा न लावता ते आधी हाताने फिरवून पाहावे आणि पहिल्यांदा टाकाऊ फीतच चढवावी. दुसरी, कोठीतील रिळांचे डबे उघडून पाहावेत. ज्या डब्यातून शिरक्यासारखा आंबूस वास येईल, त्यातील फीत कुजू लागली आहे. ती इतर फितींपासून तत्काळ वेगळी करावी, आणि त्यात मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांचे चित्रीकरण असेल तर प्रथम तिची डिजिटल प्रत करून घ्यावी.

तिसरी विनंती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्षातून दोनदा हे यंत्र सभागृहाच्या मधोमध मांडावे आणि मंडळातील दोन तरुण मुलामुलींना ते चालवायला शिकवावे. शिकविण्याचे काम मी आनंदाने करीन. बालगोपाळांच्या हाती कोरी पारदर्शक फीत द्यावी. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या लेन लाय यांनी १९३५ साली फितीवरच रंग लावून ‘अ कलर बॉक्स’ हा चित्रपट केला होता. चित्रांसाठी कॅमेरा लागलाच नाही. एक फूट फितीत ४० चौकटी असतात. म्हणजे सहा फूट फीत शाईने रंगविली की दहा सेकंदांचा चित्रपट तयार होतो. मात्र रंग पातळ हवा आणि पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर त्याच्या खपल्या यंत्रात अडकतात. आपण रंगविलेली फीत पडद्यावर नाचताना पाहणारे मूल मागे वळून यंत्राकडे पाहिल्याखेरीज राहणार नाही.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे आहोत. भाषा, सण, पदार्थ यांतले काय टिकते याचा अनुभव आपल्याला आहे. जे वापरात राहिले, ते टिकले. जे केवळ जपून ठेवले, ते पुढच्या पिढीला ओझे झाले. प्रोजेक्टरलाही हाच न्याय लागू आहे. कार्यकारिणीची बैठक येत्या महिन्यात आहे. निर्णय आपल्या हाती आहे.