ओढ्याकाठचा लव्हाळा

लव्हाळा म्हटले की तुकोबांचा अभंग आठवतो. नम्रतेचा धडा आपण त्यातून घेतला. पण पूर ओसरल्यावर ओढ्याकाठी जाऊन त्या लव्हाळ्याने काय काय राखले, हे पाहायला फारसे कोणी जात नाही.

लव्हाळा हे एका रोपाचे नव्हे, एका भावकीचे नाव आहे. दिसायला गवतच. पण दांडी चिमटीत धरून फिरवा. बहुतेकांच्या तीन धारा बोटांना लागतील. गवताची दांडी गोल, तिला पेरे असतात. गुरुजींनी दोन्ही काड्या मुलांच्या हाती द्याव्यात, फळ्यावर चित्र काढावे लागणार नाही.

शेतकरी बंधू म्हणतील, "अहो, याच लव्हाळ्याने आमचा जीव खाल्ला!" खरे आहे. रानातला लव्हाळा, ज्याच्या सुवासिक गाठींना मोथा म्हणतात, नांगराने तुटतो तसा वाढतो. त्याची बाजू मी घेत नाही. मी बोलतो आहे ते पाण्याच्या काठी चिखलात पाय रोवून उभ्या असलेल्या त्याच्या भाऊबंदांबद्दल.

पूर आला की हे आडवे होतात आणि मातीवर जणू पांघरूण घालतात. मुळांचे जाळे काठ धरून ठेवते. पाण्याचा वेग मंदावतो, गाळ तिथेच बसतो. चिखलात हवा नसते. म्हणून यांच्या दांडीतल्या पोकळ्यांतून वरची हवा मुळांपर्यंत उतरते, थोडी चिखलातही झिरपते, आणि तिच्यावर घाण कुजवणारे सूक्ष्म जीव जगतात. माशांची पिले बुडख्यांत लपतात. चतुराची अळी दांडीवर चढते, कात टाकते आणि उडून जाते. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत आहे. तिथली जांभळी पाणकोंबडी असलेच कोवळे कोंब खाते आणि पाणवनस्पतींच्या दाटीतच घरटे करते.

हल्ली ओढे खोल-रुंद करण्याची कामे गावोगाव निघतात. पाणी साठावे ही इच्छा रास्तच. पण यंत्र काठही खरवडते, आणि मोठ्या पावसात तीच उघडी माती पुन्हा पात्रात येऊन बसते. तेव्हा यंत्रवाल्याला आधीच सांगा, "तळातला गाळ काढ बाबा, काठ सोड." काठ उघडा पडलाच असेल, तर त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाचे थोडे ठोंब मातीसकट आणून पावसाच्या तोंडी ओलीच्या कडेला लावा. रानातला मोथा मात्र चुकूनही आणू नका, आणि ठोंब धरेपर्यंत गुरे तिकडे सोडू नका.